जठराच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया आणि रुग्णाचे वजन : पिंपरी-चिंचवड-चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

पिंपरी-चिंचवड आणि चाकण या परिसराचा इतिहास आजवर प्रामुख्याने जमीन, भांडवल, कारखानदारी, कामगार चळवळ आणि नागरीकरण या अंगांनी लिहिला गेला आहे. ज्या शरीरांच्या बळावर ही कारखानदारी उभी राहिली, त्या शरीरांचा इतिहास मात्र क्वचितच विचारात घेतला जातो. वास्तविक कामगाराचे वजन ही केवळ वैद्यकीय बाब नाही. त्याचे अन्न, त्याची मजुरी, त्याच्या कामाच्या पाळ्या आणि त्याचे आजारपण यांचा तो एकत्रित ताळेबंद असतो. हा ताळेबंद सर्वांत कठोरपणे तपासला जातो तो मोठ्या शस्त्रक्रियेच्या प्रसंगी. आणि त्यातही जठराच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत, कारण येथे रोग ज्या अवयवात असतो त्याच अवयवावर रुग्णाचे पोषण अवलंबून असते.

जठराचा कर्करोग भारतात सर्वत्र सारख्या प्रमाणात आढळत नाही. ईशान्येकडील मिझोराम आणि दक्षिणेकडील चेन्नई यांच्या तुलनेत महाराष्ट्रात त्याचे प्रमाण कमी आहे. तरीही हा विषय येथे महत्त्वाचा ठरतो. आपल्याकडे हा रोग बहुधा उशिरा ओळखला जातो आणि रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर येतो तेव्हा त्याचे वजन बरेच उतरलेले असते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) कृशता आणि जठराच्या शस्त्रक्रियेनंतरची प्रकृती यांच्या संबंधाचे ज्ञान कसे विकसित झाले, याचा ऐतिहासिक आढावा घेणे.
२) या विकासक्रमात पिंपरी व पुणे परिसराचे स्थान स्पष्ट करणे.
३) औद्योगिक पट्ट्यातील रोजगाराच्या बदलत्या स्वरूपाचा या प्रश्नाशी असलेला संबंध तपासणे.

शस्त्रक्रियेचा आरंभ आणि क्षीण रुग्ण

अतिकृश मनुष्य उपचार सहन करू शकत नाही, ही जाणीव प्राचीन आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ‘अष्टौनिन्दितीय’ या अध्यायात अतिस्थूल आणि अतिकृश अशा दोन्ही देहांचा विचार केलेला आहे. भूक, तहान, रोग आणि औषध यांचा जोर अतिकृश मनुष्याला झेपत नाही, असे तेथे प्रतिपादन आहे. त्याच वेळी स्थूलतेपेक्षा कृशता बरी, असाही निर्वाळा तेथे दिला आहे. या दोन विधानांतील भेद आधुनिक काळातही उपयोगी पडतो : जन्मतः सडपातळ असणे वेगळे आणि आजाराने वाळणे वेगळे.

आधुनिक शल्यचिकित्सेत जठराचा कर्करोगग्रस्त भाग कापून काढण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न पॅरिसमध्ये १८७९ साली ज्यूल पेआं यांनी केला. रुग्ण पाचव्या दिवशी दगावला. १८८० साली पोलंडमधील लुडविक रिडिगियर यांनी दुसरा प्रयत्न केला. तोही रुग्ण काही तासांतच मृत्यू पावला. अखेर २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ यांनी ४३ वर्षे वयाच्या एका स्त्रीवर ही शस्त्रक्रिया यशस्वी केली. ही स्त्री सततच्या वांत्यांमुळे अत्यंत क्षीण झालेली होती. शस्त्रक्रियेतून ती सावरली. परंतु रोग आधीच पसरलेला असल्याने सुमारे चार महिन्यांनी तिचे निधन झाले.

वैद्यकाच्या इतिहासात ही घटना शल्यकौशल्याचा विजय म्हणून नोंदली जाते, आणि ते योग्यच आहे. मात्र या तिन्ही प्रसंगांत एक समान धागा आहे. जठराचे निर्गमद्वार रोगामुळे आक्रसते, अन्न पुढे सरकत नाही, रुग्ण उपाशी राहतो आणि अशा उपाशी देहावर शस्त्र चालवावे लागते. भूल आणि निर्जंतुकीकरण या शोधांनी शस्त्रक्रिया शक्य केली, परंतु त्या देहाची उपासमार भरून काढण्याचे साधन त्या काळी कोणाकडेही नव्हते.

वजनघटीचे मोजमाप : १९३६ चा अभ्यास

रुग्ण ‘अशक्त’ आहे हे शल्यचिकित्सकांना नेहमीच दिसत होते. परंतु अशक्तपणा किती, हे मोजण्याची रीत नव्हती. ती अमेरिकेतील क्लीव्हलँड येथील हायरम स्टडली यांनी १९३६ साली दिली. त्यांनी जठरव्रणासाठी शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांचा अभ्यास केला. ज्यांचे वजन शस्त्रक्रियेपूर्वी २० टक्क्यांहून अधिक घटले होते, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण ३३.३ टक्के होते. ज्यांची घट त्याहून कमी होती, त्यांच्यात ते अवघे ३.५ टक्के होते.

हे रुग्ण कर्करोगाचे नव्हते आणि त्यांची संख्याही लहान होती. तरीही या अभ्यासाचे महत्त्व मोठे आहे. स्टडली यांनी वजन पाहिले नाही, तर वजनातील बदल पाहिला. रुग्ण आज किती किलोचा आहे यापेक्षा तो पूर्वी किती किलोचा होता, हा प्रश्न त्यांनी मध्यवर्ती केला. या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी दोन वजने लागतात : एक आजचे आणि एक पूर्वीचे. पहिले रुग्णालयातील काटा देतो. दुसरे रुग्णाच्या गतायुष्यात कोणीतरी नोंदवून ठेवलेले असावे लागते. प्रस्तुत निबंधाचा मुख्य मुद्दा याच दुसऱ्या वजनाशी निगडित आहे.

स्टडली यांच्यानंतर काही वर्षांनी, १९४४-४५ या काळात, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी स्वयंसेवकांवर नियंत्रित अर्धउपासमारीचा प्रयोग केला. स्वयंसेवकांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले. उतरलेले वजन व गेलेली शक्ती परत यायला काही आठवडे नव्हे, तर अनेक महिने लागतात, हे या प्रयोगाने दाखविले. दुसऱ्या महायुद्धानंतर आणखी एक धडा मिळाला. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्यांना एकदम भरपूर अन्न दिल्यास रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम यांसारख्या क्षारांचे प्रमाण बिघडून मृत्यूही ओढवू शकतो, हे लक्षात आले. कृश रुग्णाला पोसणे हेही एक शास्त्र आहे, याची ही सुरुवात होती.

पिंपरीचे पेनिसिलीन

या जागतिक इतिहासात पिंपरीचा प्रवेश होतो तो औषधनिर्मितीच्या मार्गाने. भारत सरकारने युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्याशी १९५१ साली केलेल्या करारातून पेनिसिलीनचा कारखाना उभारण्याचे ठरले. त्यासाठी पिंपरीची निवड झाली. १० मार्च १९५४ रोजी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि १९५५ साली उत्पादनास प्रारंभ झाला. सार्वजनिक क्षेत्रातील हा देशातील पहिला औषधनिर्मिती प्रकल्प होय. पुढे तेथे स्ट्रेप्टोमायसीनचे उत्पादनही सुरू झाले. आज ज्याला आपण पिंपरी-चिंचवडची उद्योगनगरी म्हणतो, तिचा पाया मोटारीच्या आधी औषधाने घातला, हे येथे आवर्जून नमूद केले पाहिजे.

शस्त्रक्रियेच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ असा की, जंतुसंसर्ग हा रुग्णाचा एक मोठा शत्रू आटोक्यात आणण्याचे साधन देशातच तयार होऊ लागले. फुफ्फुसदाह आणि जखम चिघळणे यांमुळे होणारे मृत्यू प्रतिजैविकांनी कमी झाले. शिरेवाटे दिल्या जाणाऱ्या द्रावणांमुळे, म्हणजे लोकभाषेतील ‘सलाईन’मुळे, पाणी व क्षार यांची उणीव भरून काढता येऊ लागली.

मात्र सलाईन म्हणजे अन्न नव्हे. ही गोष्ट सामान्य रुग्णच नव्हे, तर कित्येकदा सुशिक्षित कुटुंबेही लक्षात घेत नाहीत. पाच टक्के ग्लुकोजच्या एक लिटर बाटलीत ५० ग्रॅम ग्लुकोज असते. त्यातून सुमारे २०० किलोकॅलरी मिळतात आणि प्रथिने मुळीच मिळत नाहीत. पूर्ण पोषण शिरेवाटे देण्याचे तंत्र फिलाडेल्फिया येथे स्टॅन्ली ड्यूड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७-६८ च्या सुमारास सिद्ध केले. केवळ शिरेवाटे दिलेल्या पोषणावर कुत्र्याची पिल्ले नेहमीप्रमाणे वाढतात, हे त्यांनी प्रयोगाने दाखविले. बिलरोथ यांच्या काळापासून अपुरी राहिलेली कडी अशा रीतीने जवळजवळ नव्वद वर्षांनी जुळली.

तथापि, या नव्या साधनाचाही अतिरेक झाला. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या आणि १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासाने एक महत्त्वाची मर्यादा दाखविली. शस्त्रक्रियेपूर्वी शिरेवाटे दिलेल्या पोषणाचा लाभ केवळ तीव्र कुपोषित रुग्णांनाच झाला. किंचित कुपोषित रुग्णांत उलट जंतुसंसर्ग वाढला. सर्वांना सरसकट पोषण टोचणे हा उपाय नव्हे. ज्याला गरज आहे त्याला ओळखणे हाच खरा प्रश्न आहे.

निर्देशांक आणि पुणे परिसरातील संशोधन

गरजवंताला ओळखण्यासाठी आज सर्वत्र वापरले जाणारे माप म्हणजे देहवस्तुमान निर्देशांक, म्हणजेच बीएमआय. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची ही रीत बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अदोल्फ केतले यांनी १८३२ साली मांडली. तिला आजचे नाव १९७२ साली अॅन्सेल कीज यांनी दिले. प्रौढांमध्ये १८.५ पेक्षा कमी निर्देशांक म्हणजे कृशता, असे मानले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये देशातील सुमारे ३६ टक्के स्त्रिया व ३४ टक्के पुरुष या रेषेखाली होते. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे सुमारे १९ व १६ टक्क्यांवर आले.

या निर्देशांकाच्या मर्यादा दाखविण्यात पुणे परिसरातील संशोधनाचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रिया व त्यांची अपत्ये यांचा दीर्घ अभ्यास केला. तेथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांच्या तुलनेत बरीच हलकी होती, सरासरी २.७ किलो. परंतु त्यांच्यात उणीव होती ती मुख्यतः स्नायू आणि अंतर्गत अवयवांच्या वाढीची. त्वचेखालची चरबी त्यामानाने टिकून होती. २००४ साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःच्याच शरीरांची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचाही निर्देशांक २२.३ होता, मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होते.

हे संशोधन मधुमेहाच्या संदर्भात झालेले आहे. तथापि, शल्यचिकित्सेसाठीही त्यातून एक बोध घेता येतो. शस्त्रक्रियेचा आघात सोसण्यासाठी लागणारी प्रथिनांची गंगाजळी चरबीत नसते, ती स्नायूंत असते. ज्याच्या अंगी मुळातच स्नायू कमी, त्याचा निर्देशांक समाधानकारक दिसला तरी त्याची गंगाजळी तुटपुंजी असू शकते.

कृशतेचा शस्त्रक्रियोत्तर प्रकृतीवर होणारा परिणाम

जठरछेदनानंतर शरीरासमोर तीन कामे एकाच वेळी उभी राहतात : आतड्याचा नवा सांधा आणि जखम भरून काढणे, जंतुसंसर्गाशी झुंजणे आणि श्वसनाची क्रिया जोमाने चालू ठेवणे. या तिन्हींसाठी प्रथिने लागतात. अन्न बंद असताना शरीर ती स्वतःच्या स्नायूंतून काढते. कृश रुग्णात हा साठा लवकर संपतो. सांधा भरण्यास विलंब होतो व तो गळण्याचा धोका वाढतो, छातीचे स्नायू दुर्बल असल्याने खोकून कफ बाहेर टाकता येत नाही आणि फुफ्फुसदाह जडतो, प्रतिकारशक्ती मंदावते.

जपान, कोरिया आणि चीन येथील रुग्णालयांतून या विषयावर बरेच अभ्यास झाले आहेत. कृश रुग्णांचे दीर्घकालीन जगण्याचे प्रमाण कमी असते, असे त्यांतील अनेकांनी नोंदविले आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या तात्काळ गुंतागुंतीबाबत मात्र निष्कर्ष एकसारखे नाहीत. स्थूल रुग्णातही चरबीमुळे शस्त्रक्रिया अवघड होते. शिवाय कृशता हे कारण आहे की वाढलेल्या रोगाचे लक्षण, हे वेगळे करणे नेहमी शक्य नसते. म्हणून ‘वजन कमी म्हणून मृत्यू’ असे सरळ समीकरण मांडणे शास्त्रीय ठरणार नाही.

कृशतेचा फटका आणखी एका ठिकाणी बसतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मॅजिक’ या चाचणीपासून शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर केमोथेरपी देण्याची पद्धत रूढ झाली. त्या चाचणीत उपचारांची सर्व सहा आवर्तने पूर्ण करू शकलेल्या रुग्णांचे प्रमाण निम्म्याहूनही कमी, सुमारे ४२ टक्के, होते. आवर्तने अपुरी राहण्याची कारणे अनेक असतात. शस्त्रक्रियेनंतर फार वजन उतरणे हे त्यांपैकी एक असल्याचे जपानमधील अभ्यासांत दिसून आले आहे. म्हणजे कृशता केवळ शस्त्रक्रियेतच नव्हे, तर पुढच्या उपचारातही आडवी येते.

जठर काढल्यावर निरोगी रुग्णाचेही वजन साधारण १० ते १५ टक्क्यांनी उतरते. पुढील आयुष्यात त्याला दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे खावे लागते. गोड चहा वा सरबत घाईने घेतल्यास घाम, धडधड आणि चक्कर येते. संपूर्ण जठर काढले असल्यास ब-१२ जीवनसत्त्वाची इंजेक्शने कायमची घ्यावी लागतात. ग्रामीण बोलीत ‘अन्न अंगी लागत नाही’ असे म्हणतात. या रुग्णांच्या बाबतीत ते अक्षरशः खरे असते.

औद्योगिक पट्टा : पूर्वीचे वजन कोणाकडे?

आता औद्योगिक पट्ट्याकडे वळू. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. त्या दशकात आकुर्डी, भोसरी, चिंचवड, पिंपरी येथील शेतजमिनींवर वाहननिर्मितीचे व सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका अस्तित्वात आली. १९८९ पासून महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय पिंपरीत कार्यरत आहे. तोवर मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पुण्याचे १८६७ सालचे ससून रुग्णालय आणि कर्करोगासाठी १९४१ साली सुरू झालेले मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, हेच कामगारांचे प्रमुख आधार होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून उद्योगांचा ओघ खेड तालुक्यातील चाकणकडे वळला. कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव पुढील दहा-पंधरा वर्षांत देशातील एक प्रमुख वाहननिर्मिती केंद्र बनले.

या दोन टप्प्यांत कारखाने जसे बदलले, तसे रोजगाराचे स्वरूपही बदलले. पहिल्या टप्प्यातील कायम कामगार भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणीतून जात असे. त्याची उंची, वजन, छातीचे माप नोंदविले जाई. मोठ्या कारखान्यांत दवाखाना असे आणि वेळोवेळी तपासणी होई. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना अधिनियमात झालेल्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियेतील कामगारांची नेमणुकीपूर्वी आणि नंतर दर बारा महिन्यांच्या आत तपासणी व आरोग्याच्या नोंदी ठेवणे बंधनकारक केले. १९४८ च्या मूळ अधिनियमाने २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृहाची तरतूद केलेली होतीच. या कामगाराचे ‘पूर्वीचे वजन’ कुठेतरी कागदावर होते.

दुसऱ्या टप्प्यातील कंत्राटी कामगाराचे तसे नाही. तो मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार वा ओडिशातून येतो. चिखली, कुदळवाडी, म्हाळुंगे, खराबवाडी अशा ठिकाणी अनेकांसह एका खोलीत राहतो. खानावळीवर वा आळीपाळीने केलेल्या स्वयंपाकावर जेवतो. कंत्राटदार बदलतो, कारखाना बदलतो आणि प्रत्येक बदलासोबत मागील नोंद मागेच राहते. पोटात जळजळ होते तेव्हा तो ‘पित्त झाले’ म्हणून औषधाच्या दुकानातून गोळ्या घेतो. रात्रपाळीमुळे जेवण चुकते, म्हणून वजन उतरले, असे त्याला आणि इतरांनाही वाटते. अशा प्रकारे रोगाचे पहिले लक्षण कामाच्या श्रमांत लपून जाते.

पूर्वीच्या वजनाचे महत्त्व एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. १ मीटर ६८ सेंटिमीटर उंचीचे तीन कामगार घेऊ. पहिल्याचे वजन अनेक वर्षे ५१ किलो आहे. त्याचा निर्देशांक १८.१ येतो. दुसरा सहा महिन्यांत ५८ किलोवरून ५० किलोवर आला; त्याचा निर्देशांक १७.७. तिसरा त्याच काळात ८० किलोवरून ६६ किलोवर आला; त्याचा निर्देशांक २३.४, म्हणजे कृशतेच्या रेषेच्या बराच वर. केवळ आजचे वजन पाहणाऱ्यास पहिले दोघे सारखे आणि तिसरा सुरक्षित वाटेल. प्रत्यक्षात पहिल्याची घट शून्य, दुसऱ्याची १३.८ टक्के आणि तिसऱ्याची १७.५ टक्के आहे. स्टडली यांच्या मोजपट्टीने पाहिल्यास सर्वांत सावध राहावे असा रुग्ण तिसरा आहे. पूर्वीच्या वजनाची नोंद नसेल तर हे कळण्याचा मार्ग उरतो तो रुग्णाची आठवण, पट्ट्याचे सरकत गेलेले भोक किंवा ओळखपत्रावरील जुना चेहरा, इतकाच.

पोषणासाठी लागणारा काळ आणि मजुरी

युरोपातील वैद्यकीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहा महिन्यांत १० ते १५ टक्क्यांहून अधिक वजनघट, १८.५ पेक्षा कमी निर्देशांक वा रक्तातील अल्ब्युमिन लिटरला ३० ग्रॅमहून कमी असणे, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्ण गंभीर पोषणजोखमीत आहे असे समजावे आणि शस्त्रक्रिया ७ ते १४ दिवस लांबवूनही त्याचे पोषण करावे. हे पोषण शक्य तोवर तोंडावाटे वा नळीवाटे द्यावे, शिरेवाटे नव्हे, असाही या तत्त्वांचा आग्रह आहे. कर्करोग आहे म्हणून घाई करण्याची रुग्ण व नातलग यांची प्रवृत्ती स्वाभाविक असली, तरी या दोन आठवड्यांचा विलंब हा उपचाराचाच भाग आहे.

येथे वैद्यकाचा प्रश्न अर्थकारणाचा होतो. शस्त्रक्रियेपूर्वीचे दोन आठवडे, रुग्णालयातील मुक्काम, केमोथेरपीची आवर्तने आणि नंतर वजन भरून येण्याचे महिने, या साऱ्या काळात कुटुंबाच्या घरात अंडी, दूध, डाळ कशातून यायची? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांनी शस्त्रक्रियेच्या खर्चाचा भार मोठ्या प्रमाणात हलका केला आहे. बुडालेल्या मजुरीचा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही. तो राज्य कामगार विमा व्यवस्थेने हाताळला. चिंचवडच्या मोहननगर येथे या योजनेचे रुग्णालय आहे. १९४८ च्या अधिनियमाखाली घडलेल्या या व्यवस्थेत आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के, तर कर्करोगासह ठरावीक दीर्घ आजारांत दोन वर्षांपर्यंत ८० टक्के रक्कम देण्याची तरतूद झाली. परंतु दीर्घ लाभासाठी दोन वर्षांच्या सलग विमापात्र नोकरीची अट घातली गेली. ज्याची नोकरी काही महिन्यांनी तुटते आणि पुन्हा जुळते, त्याच्यासाठी ही अटच अडसर ठरते. म्हणजे ज्याच्या पूर्वीच्या वजनाची नोंद नसते, त्याच्याच नोकरीच्या सलगतेचाही पुरावा बहुधा नसतो.

शस्त्रक्रियेनंतर कामावर परतण्याचा प्रश्नही असाच आहे. जुळणीची साखळी ठरलेल्या सुट्टीतच थांबते. दर दोन-अडीच तासांनी थोडे खाणे ही ज्याची शारीरिक गरज आहे, त्याला त्या वेळापत्रकात बसविण्यासाठी पर्यवेक्षकाच्या मेहेरबानीवर विसंबावे लागते. कायम कामगाराला हलके काम मागता येते. कंत्राटी कामगाराला बहुधा कामच उरत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. ४० वर्षांवरील कामगारांची वार्षिक मोफत आरोग्यतपासणी आणि १०० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत उपाहारगृह, अशा तरतुदी त्यांत समाविष्ट आहेत. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या तपासणीचे मोल मोठे आहे. कारण जठराच्या कर्करोगाचे बहुसंख्य रुग्ण चाळिशीनंतरचे असतात आणि वजनाचा काटा हे या तपासणीतील सर्वांत स्वस्त उपकरण आहे.

निष्कर्ष

१) जठराच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचा इतिहास पाहता वेदना, रक्तस्राव व जंतुसंसर्ग यांवर क्रमाक्रमाने मात झाली, उपासमारीने खंगलेला देह हा प्रश्न मात्र सर्वांत शेवटी हाताळला गेला आणि तो अद्याप पूर्ण सुटलेला नाही.

२) या इतिहासात पिंपरीने पेनिसिलीन आणि पुण्याने देहरचनेचे नवे भान दिले. त्याच परिसरातील कामगाराला त्याचा पूर्ण लाभ मिळावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

३) केवळ निर्देशांकावरून जोखीम ठरविणे अपुरे आहे. वजनातील घट हे अधिक बोलके माप असून त्यासाठी पूर्वीच्या वजनाची नोंद अनिवार्य आहे.

४) ही नोंद रोजगाराच्या स्थैर्याशी बांधली गेली आहे. कायम कामगाराच्या शरीराला लिखित इतिहास आहे. कंत्राटी कामगाराच्या शरीराला तो नाही. म्हणून तपासणीतील वजन कारखान्याच्या वा कंत्राटदाराच्या दप्तरात न ठेवता त्याची प्रत कामगाराच्या हाती द्यावी, म्हणजे नोकरी बदलली तरी ती त्याच्यासोबत राहील. विनाकारण वजन उतरल्याचे आढळल्यास दुर्बिणीने जठराची तपासणी करण्यासाठी त्याला रुग्णालयात पाठवावे.

५) शस्त्रक्रियेपूर्वीचे पोषण आणि त्यानंतरची विश्रांती हा उपचाराचाच भाग मानून त्या काळातील मजुरीच्या संरक्षणाचा विचार सलग नोकरीच्या अटीपलीकडे जाऊन व्हावा.

बिलरोथ यांच्या रुग्णापुढे उपासमारीवर उपाय नव्हता. आजच्या रुग्णापुढे तो आहे. परंतु त्यासाठी लागणारे दोन आठवडे, पुरेसे अन्न आणि एक जुनी नोंद, या तिन्ही गोष्टी शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर ठरतात.